बॉक्सरांच्या दंतकथा: सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्हा तालमींचा. इथं मुलांना बॉक्सिंग शिकवायला उभं राहिलं की ठोशांच्या आधी गोष्टींशी गाठ पडते. कुणी सुट्टीवर आलेल्या फौजी मामाकडून ऐकलेलं असतं, कुणी मोबाइलवर पाहिलेलं, कुणाला आजोबांनी कट्ट्यावर सांगितलेलं. मुलं विचारतात, त्यांना सोडायला आलेले पालक विचारतात, कुस्तीतले जुने वस्तादही हळूच विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथं एकत्र उत्तरं दिली आहेत. मला या गोष्टी मनापासून आवडतात, आणि म्हणूनच त्यातलं खरं किती हे मुलांना नीट कळावं असं वाटतं.

बॉक्सरांच्या नावावर एवढ्या गोष्टी का? आपल्या पैलवानांच्याही आहेतच की.

आहेत, आणि भरपूर आहेत. कुंडलच्या मैदानात कुस्ती सुरू व्हायच्या आधी तासभर आजूबाजूच्या गप्पा ऐका. कुणी किती शेर दूध प्यायचा, कुणी किती जोर मारायचा, हे आकडे दरवर्षी वाढलेले असतात. फरक एवढाच, की कुस्तीच्या जुन्या लढतींची हलती चित्रं फारशी नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या लढती आपण ऐकून ओळखतो, पाहून नाही.

बॉक्सिंगचं तसं नाही. १७ मार्च १८९७ ला अमेरिकेत कार्सन सिटीला जेम्स कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स यांची लढत झाली. ती कॅमेऱ्यावर घेतली गेली आणि नंतर थिएटरांत दाखवली गेली. म्हणजे सिनेमा नुकता रांगत होता तेव्हापासून बॉक्सिंगचं चित्रण होत आलं आहे. त्यामुळं बॉक्सरांच्या कितीतरी गोष्टी आज तपासता येतात.

गोष्टी एवढ्या वाढल्या याचं दुसरं कारण पैसा. व्यावसायिक लढतीत तिकीट खपलं तरच बॉक्सरला पैसे. मग मॅनेजर, प्रवर्तक आणि खुद्द बॉक्सर गोष्टी पेरायचे. गावोगावच्या गप्पांनी त्याला नंतर पाणी घातलं.

सर, अलीनं ऑलिंपिकचं सुवर्णपदक नदीत फेकलं हे खरं का ओ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गोष्ट अशी: १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेनं, म्हणजेच पुढच्या मुहम्मद अलीनं, सुवर्ण जिंकलं. पदक गळ्यात घालूनच तो आपल्या लुईव्हिल गावात हिंडायचा. एका हॉटेलात त्याला, काळा म्हणून, खायला द्यायला नकार मिळाला. संतापानं त्यानं पदक ओहायो नदीत भिरकावलं.

ही गोष्ट १९७५ साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्रात आहे. पण त्याच्या जवळच्या माणसांनी पुढं सांगितलं, की पदक हरवलं होतं. फेकताना पाहिल्याचा भरवशाचा साक्षीदार नाही. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात त्याला बदली पदक देण्यात आलं, ते मात्र साऱ्या जगानं पाहिलं.

माझं मत विचाराल तर पदक नदीत गेलं नसावं. पण अपमान खोटा नव्हता. त्या काळी लुईव्हिलमधल्या कितीतरी हॉटेलांत काळ्या माणसाला टेबलावर बसता येत नव्हतं, मग तो ऑलिंपिकविजेता का असेना. मुलांना ही गोष्ट सांगताना नदीवर कमी आणि त्या टेबलावर जास्त बोलावं.

अली पाण्याखाली सराव करायचा? फोटो आहे माझ्याकडं.

फोटो अस्सल आहे, सराव बनावट. १९६१ साली फ्लिप शुल्की नावाचा छायाचित्रकार मायामीत तरुण क्लेचे फोटो काढायला गेला. हा पाण्याखालचे फोटोही काढतो असं क्लेला कळलं. लगेच त्यानं ठोकून दिलं, की मी तलावात गळ्याइतक्या पाण्यात ठोसे मारतो, पाण्याच्या अडथळ्यानं हात वेगवान होतात. शुल्कीनं हॉटेलच्या तलावात त्याचे फोटो घेतले आणि ते ‘लाइफ’ या गाजलेल्या साप्ताहिकात छापून आले. तलावाच्या तळाशी, गार्ड घेऊन, पक्क्या पवित्र्यात उभा असलेला बॉक्सर! खरं म्हणजे त्याला पोहायलाही येत नव्हतं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि आपल्याविषयी काय छापून यावं हे त्याला मोठमोठ्या संपादकांपेक्षा जास्त कळत होतं. या फोटोवर विसंबून कुणी कृष्णेच्या घाटावर ठोसे मारायला उतरू नये.

दिवा मालवून खोलीत अंधार व्हायच्या आत अली अंथरुणात असायचा?

हे तो स्वतःच सांगायचा. आधी हीच बढाई कूल पापा बेल या बेसबॉलपटूच्या वेगाबद्दल मारली जायची. अलीनं ती उचलली आणि स्वतःच्या नावावर खपवली. मगरीशी कुस्ती खेळलो, विजेला बेड्या घातल्या, ही त्याचीच भाषा. समोरच्याला लढतीआधीच बेजार करायची ती त्याची रीत होती, आणि ती चालायची.

सनी लिस्टननं मार न लागताच अंग टाकलं होतं म्हणे?

२५ मे १९६५, अमेरिकेच्या मेन राज्यातलं लुइस्टन, अली विरुद्ध माजी जगज्जेता लिस्टन. छोटं गाव, छोटं सभागृह, अडीच हजारांहूनही कमी प्रेक्षक. पहिल्याच फेरीत अलीचा उजवा ठोसा लागला आणि लिस्टन कोसळला. बऱ्याच लोकांना ठोसा दिसलाच नाही. तेव्हापासून त्याचं नाव ‘भुताचा ठोसा’.

चित्रफीत सावकाश फिरवून पाहिली तर लिस्टन डावा हात टाकत पुढं येतो, तेवढ्यात अलीचा आखूड उजवा ठोसा त्याच्या डोक्यावर बसतो आणि मान हलते. ठोसा होता. तो एवढ्या धिप्पाड माणसाला पाडण्याइतका होता का, यावर मात्र आजही दोन तट आहेत. लिस्टनचे गुंडटोळ्यांशी संबंध होते, त्यामुळं संशयाला जागा होतीच.

पुढचा गोंधळ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. अली कोपऱ्यात जाईना, त्यामुळं रेफरी जर्सी जो वॉलकॉट त्याला ढकलण्यात गुंतला आणि मोजणी राहून गेली. लिस्टन उठला, दोघं परत भिडले, आणि रिंगबाहेरून एका मासिकाच्या संपादकानं ओरडून सांगितलं की दहा सेकंद कधीच उलटले. तेव्हा कुठं लढत थांबवली. अलीचा तो खाली पाहून ओरडतानाचा जगप्रसिद्ध फोटो याच लढतीतला. पुष्कळांना तो विजयाचा जल्लोष वाटतो. प्रत्यक्षात तो लिस्टनला ‘ऊठ आणि लढ’ म्हणून सुनावत होता.

इंग्लंडच्या हेन्री कूपरच्या लढतीत अलीच्या कोपऱ्यातल्या माणसांनी ग्लोव्ह फाडून पाच मिनिटांची जादा विश्रांती लाटली?

फाटलेला ग्लोव्ह खरा, पाच मिनिटं खोटी. १८ जून १९६३ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर चौथी फेरी संपता संपता कूपरच्या डाव्या हुकनं, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताच्या ठोशानं, क्ले दोरावर आदळून खाली बसला. घंटेनं वाचला. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं ग्लोव्हची शिवण उसवली असल्याचं रेफरीला दाखवलं. उसवण आधीपासून होती, आपण ती बोटानं थोडी वाढवली, हे डंडीनं पुढं मोकळेपणानं सांगितलं.

इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, की नवा ग्लोव्ह आणण्यात कित्येक मिनिटं गेली आणि तेवढ्यात क्ले सावरला. चित्रफितीवर घड्याळ लावून पाहिलं तर फेऱ्यांमधली विश्रांती एका मिनिटाऐवजी जेमतेम सहा-सात सेकंदच जास्त भरते. नवा ग्लोव्ह आलाच नाही. पाचव्या फेरीत कूपरच्या डोळ्यावरची जखम फाटली आणि लढत थांबली. कूपर फार सज्जन माणूस होता, त्याच्यावरच्या प्रेमापोटी लोकांनी सेकंदांची मिनिटं केली.

जॅक डेम्प्सीनं ग्लोव्हच्या आत हाताला बांधतात त्या पट्टीत प्लॅस्टर भरलं होतं का?

याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण यात एक शंकास्पद गोष्ट आणि दोन सिद्ध झालेले गुन्हे एकत्र सांगावे लागतात.

४ जुलै १९१९, टोलीडो, ओहायो. अंग भाजून काढणारं ऊन. जेस विलार्ड हा साडेसहा फुटी विजेता आणि त्याच्यापुढं कितीतरी बारका डेम्प्सी. पहिल्याच फेरीत डेम्प्सीनं त्याला सात वेळा पाडलं. आपण जिंकलोच असं समजून डेम्प्सी रिंगबाहेरही गेला होता, त्याला परत बोलवावं लागलं. तिसऱ्या फेरीनंतर विलार्डनं माघार घेतली.

डेम्प्सीचा मॅनेजर डॉक कर्न्स १९६३ साली वारला. पुढच्या जानेवारीत एका मोठ्या अमेरिकी क्रीडा साप्ताहिकात त्याची कबुली छापून आली: मी डेम्प्सीच्या ओल्या पट्ट्यांवर टाल्कम पावडर म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिस शिंपडलं, त्याला माहीत नव्हतं. डेम्प्सी कोर्टात गेला आणि साप्ताहिकाला माफी मागावी लागली. कर्न्स आणि डेम्प्सीचं आधीच फाटलं होतं, कोर्टकज्जे झाले होते, हेही ध्यानात ठेवा.

आता आपल्याकडं गणपतीच्या कारखान्यात ज्यानं एखादा हंगाम काढलाय त्याला विचारा. प्लॅस्टर कालवलं की घट्ट होताना गरम होतं, हाताला चटका जाणवतो. नुसतं वर भुरभुरलेलं नीट धरत नाही. धरलं तरी पातळ थर टणक असला तरी ठिसूळ, आपटला की तडकतो आणि भुगा होतो. बोटांच्या सांध्यांवर असा थर घेऊन सात वेळा एखाद्याला पाडायचं, तर त्याचे तुकडे आधी आपल्याच हातात रुततील. शिवाय चटका बसतोय आणि मूठ उघडत नाही हे डेम्प्सीला कळलंच नाही, हे पटत नाही. म्हणून कर्न्सची कबुली मी मानत नाही.

पण पट्टीत काही भरणं अशक्य आहे असं मात्र समजू नका. जानेवारी २००९ मध्ये लॉस एंजेलिसला शेन मोस्लीविरुद्धच्या लढतीआधी अंतोनियो मार्गारितोच्या पट्टीत कडक झालेल्या गाद्या सापडल्या. मोस्लीचा प्रशिक्षक नाझीम रिचर्डसन यानं पट्टी बांधताना बारीक लक्ष ठेवलं म्हणून त्या सापडल्या. तपासणीत प्लॅस्टरमध्ये असणारे घटक निघाले आणि मार्गारितोचा परवाना रद्द झाला. त्याआधी १६ जून १९८३ ला न्यू यॉर्कमध्ये लुइस रेस्टोच्या ग्लोव्हमधलं मऊ भरण काढून टाकलेलं होतं. समोरच्या बिली कॉलिन्सचा चेहरा आणि डोळे असे सुजले, की तो पुन्हा कधी लढला नाही. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक दोघं तुरुंगात गेले. कॉलिन्स पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला, बावीस वर्षांचा.

आमच्याकडं मुलं पट्टी बांधतात तेव्हा मी समोर बसतो. अंगठ्यातून फास, मनगटाला तीन वेढे, मग सांध्यांवरून, बोटांच्या बेचक्यांतून आडवं-तिरकं आणि परत मनगटावर. बांधून झाली की प्रत्येक मुलाची मूठ हाताच्या तळव्यात धरून दाबून बघतो. लहान मुलांच्या सरावाला कशाला एवढं, असं एक पालक म्हणाले होते. त्यांना कॉलिन्सची गोष्ट सांगितली.

जॅक जॉन्सनला टायटॅनिकवर चढू दिलं नाही म्हणून तो वाचला, खरं का?

नाही. एप्रिल १९१२ मध्ये जॉन्सन अमेरिकेतच होता. पहिला काळा हेवीवेट जगज्जेता, १९०८ साली सिडनीला किताब घेतलेला. त्याला प्रत्येक दारातून हाकललं जायचं, म्हणून जहाजाच्या दारातून हाकलल्याची गोष्टही लोकांना सहज पटली आणि गाण्यांतून पसरली.

त्याच्या पराभवाचीही एक कथा आहे. ५ एप्रिल १९१५ ला हवानात २६व्या फेरीत विलार्डनं त्याला पाडलं. फोटोत तो पाठीवर पडलाय आणि हात डोळ्यांवर आहे, जणू ऊन अडवतोय. जॉन्सन पुढं सांगत राहिला की मी ठरवून हरलो. विलार्डचं त्यावरचं म्हणणं सडेतोड होतं: हरायचंच होतं तर आधी हरायचं, एवढ्या उन्हात मला कशाला राबवलं? सदतिशीचा माणूस भर उन्हात २६ फेऱ्या खेळून कोसळला, यात मला तरी गूढ काही दिसत नाही.

बॉक्सर आणि पैलवान भिडले तर कोण जिंकेल?

सांगलीत हा प्रश्न आला नाही असा आठवडा जात नाही. एकदा हे खरोखर घडलंय. २६ जून १९७६, टोकियो, अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी. इनोकीनं पंधराच्या पंधरा फेऱ्या बहुतेक पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घातल्या. अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लागले. निकाल बरोबरी. प्रेक्षकांनी रिंगमध्ये वस्तू फेकल्या. अलीच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या आणि त्याला इस्पितळात जावं लागलं. ही लढत लुटुपुटीची होती असं सांगणाऱ्यांनी ते सुजलेले पाय बघावेत.

आपल्या भागातल्या लोकांना पुढची गोष्ट जास्त जवळची वाटेल. त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीत अक्रम पैलवानाशी लढला. अक्रम म्हणजे जगप्रसिद्ध गामाचा पुतण्या, इमामबक्षचा मुलगा. इनोकीनं त्याचा हात मोडून लढत जिंकली.

मूळ प्रश्नाचं उत्तर: अंतर राहिलं तर बॉक्सर, पकड बसली तर पैलवान. यावर वस्तादांशी वाद घालायला मी केव्हाही तयार आहे.

आपला एक जवान अलीशी लढला होता, ही थाप ना?

थाप नाही. पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातला कौर सिंग, भारतीय लष्करातला हेवीवेट. १९८० साली अली भारतात आला होता तेव्हा दिल्लीत दोघांची प्रदर्शनीय लढत झाली. प्रदर्शनीय म्हणजे हार-जीत नाही. ‘आपल्या फौजीनं अलीला पाडलं’ हा पुढचा मीठमसाला. कौर सिंगला मोठं म्हणायला त्याची गरजही नाही, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं. अलीच्या ठोशांचा वेग पाहून आपण थक्क झालो, हे तो स्वतः सांगायचा. २०२३ मध्ये तो वारला.

मुरलीकांत पेटकर बॉक्सर होते की जलतरणपटू? पेठचे ना ते?

दोन्ही. आणि हो, आपल्या वाळवा तालुक्यातल्या पेठचे, पुणे-बेंगळुरू महामार्गावरून सांगलीला वळतो त्या पेठ नाक्याच्या गावचे. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला, तेव्हापासून प्रश्न वाढले, आणि सांगताना सरमिसळही वाढली. कुणी म्हणतं ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगचं सुवर्ण, कुणी म्हणतं म्युनिकला.

झालं ते असं. पेटकर लहानपणी कुस्ती खेळायचे. कोवळ्या वयात लष्करात गेले, यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या ईएमई दलात. तिथं बॉक्सिंग धरलं आणि लष्करी स्पर्धा गाजवल्या. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक पाठीच्या कण्याशी अडकली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. बॉक्सरचं सगळं बळ पायांतून येतं. ठोसा हातानं मारला तरी तो टाचेतून निघतो, हे आम्ही मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. त्या माणसाचे पायच गेले.

उपचार म्हणून मुंबईच्या नौदल इस्पितळात त्यांना पाण्यात उतरवलं. १९६८ च्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. म्युनिकला त्या वर्षी ऑलिंपिक झालं, पॅरालिंपिक हायडेलबर्गला. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रानं मिळवून दिलं ते २००८ साली, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी.

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली कितीतरी वर्षं पेठच्या बाहेर फार कुणाला नावही ठाऊक नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. मुलांना भुताच्या ठोशाची गोष्ट पाठ असते आणि पंचवीस-तीस मैलांवरच्या माणसाची नसते. म्हणून आमच्याकडं नव्या मुलाला आधी पेटकर कोण हे सांगतो, अली नंतर.

मॅक्स श्मेलिंग हिटलरचा माणूस होता ना?

नाझींनी या जर्मन बॉक्सरला तसं मिरवलं खरं. १९३६ साली त्यानं अमेरिकेच्या जो लुइसला बाराव्या फेरीत हरवलं तेव्हा तो त्यांचा लाडका झाला. २२ जून १९३८ ला लुइसनं न्यू यॉर्कमध्ये त्याला १२४ सेकंदांत लोळवलं आणि लाड संपले.

श्मेलिंग नाझी पक्षात कधीच गेला नाही. त्याचा मॅनेजर जो जेकब्स ज्यू होता, आणि त्याला सोडून देण्याचा दबाव श्मेलिंगनं मानला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ज्यूंच्या घरांवर हल्ले झाले, तेव्हा त्यानं आपल्या मित्राची दोन मुलं हॉटेलातल्या स्वतःच्या खोलीत लपवून वाचवली. त्याबद्दल तो स्वतः कुठं बोलला नाही. त्या मुलांपैकी एकानं १९८९ साली जाहीरपणे सांगितलं तेव्हा जगाला कळलं. लुइसशी त्याची पुढं मैत्री झाली. लुइस १९८१ मध्ये गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला त्यानं हातभार लावला.

बॉक्सिंग शिकलं की हात पोलिसात नोंदवावे लागतात? शस्त्र म्हणून?

पालकांचा नेहमीचा प्रश्न. नाही, आपल्याकडं अशी कुठलीही नोंद होत नाही. शस्त्र कायद्यात हातांचा उल्लेख नाही. भांडणात कुणाला मारलं तर जो कायदा सगळ्यांना तोच बॉक्सरला. मुलगा भांडकुदळ होईल ही भीती असेल तर आठवडाभर येऊन बघा. दोरीवरच्या उड्या आणि सावलीशी सराव झाल्यावर कुणाच्या अंगात भांडणाचं त्राण उरत नाही.

दुरानानं एका ठोशात घोडा पाडला? टायसन गोरिलाशी लढला?

पनामाच्या रॉबेर्तो दुरानाची घोड्याची गोष्ट त्यानं स्वतः सांगितलेली, पुरावा म्हणावा असं चित्र नाही. टायसन लढला नाही. प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराला गोरिलाचा पिंजरा उघडण्यासाठी दहा हजार डॉलर देऊ केले आणि त्यानं नकार दिला, असं टायसननंच मुलाखतीत सांगितलंय. रखवालदाराचे आभार मानावेत. होलीफिल्डचा कान चावला ते मात्र शंभर टक्के खरं, २८ जून १९९७, लास व्हेगस, तिसरी फेरी. तुकडा गिळला नाही, थुंकला.

एकदा शंभर फेऱ्यांची लढत झाली होती?

एकशे दहा. ६ एप्रिल १८९३, न्यू ऑर्लीन्स, अँडी बोवेन आणि जॅक बर्क, ७ तास १९ मिनिटं. रात्री सुरू झालेली लढत पहाटेपर्यंत चालली आणि शेवटी निकालच लागला नाही. ऐकायला शुद्ध थाप, पण नोंद पक्की.

फेऱ्या पुढं पंधरावर आल्या. १३ नोव्हेंबर १९८२ ला रे मँचिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर पंधराच्या बारा झाल्या. बारा फेऱ्या टीव्हीच्या जाहिरातींसाठी ठरवल्या, असा जो समज आहे त्याला हे उत्तर.

कच्ची अंडी प्यायल्यानं ठोसा जड होतो का?

नाही. कच्च्या अंड्यातली प्रथिनं अंगी लागतात ती साधारण निम्मीच, उकडलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास. उकडून खा. आणि हो, मेक्सिकोच्या मार्केझनं २००९ साली मेवेदरविरुद्धच्या लढतीच्या तयारीत कॅमेऱ्यासमोर स्वतःचं मूत्र प्यायलं होतं. मोरारजीभाईंचं नाव घेऊन कुणी त्याचं समर्थन करायला लागलं तर सांगा, की मार्केझ ती लढत एकतर्फी हरला.

मेरी कोमनं चार तासांत दोन किलो वजन उतरवलं?

तिनं स्वतः सांगितलंय. २०१८ साली पोलंडमध्ये स्पर्धेसाठी ती पहाटे उतरली, वजन सकाळी साडेसातला. ४८ किलो गटापेक्षा दोन किलो जास्त भरत होती. तासभर सलग दोरीवरच्या उड्या मारून तिनं ते उतरवलं आणि सुवर्णही जिंकलं. गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती मला जास्त घाबरवते. उतरलं ते अंगातलं पाणी. तिच्या पाठीशी कितीतरी वर्षांचा अनुभव होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानं जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी स्वेटरवर जर्किन घालून उन्हात पळणं, पाणी बंद करणं, हे जिवावर बेतू शकतं. वजन बसत नसेल तर वरच्या गटात खेळवा. आमच्याकडं हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

ऐकायला खोटी वाटणारी पण खरी असलेली एखादी गोष्ट सांगा की.

जानेवारी १९८१, लॉस एंजेलिस. नवव्या मजल्याच्या खिडकीबाहेर एक तरुण उडी मारायच्या बेतात उभा. पोलीस समजावून थकले. जवळच असलेला अली तिथं आला, शेजारच्या खिडकीतून वाकून त्याच्याशी बोलत राहिला, तू माझा भाऊ आहेस म्हणाला आणि त्याला आत घेऊन आला. फोटो आहेत, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत.

नवी गोष्ट कानावर आली तर घरच्या घरी कशी तपासायची?

आधी तारीख आणि गाव विचारा. सांगणाऱ्याला दोन्ही येत नसेल तर गोष्ट बहुधा हातोहात फिरत आलेली असते. तारीख मिळाली तर बॉक्सर त्या दिवशी कुठं होता ते पाहा, टायटॅनिकची गोष्ट तिथंच संपते. मग लढतीची पूर्ण चित्रफीत शोधा, कापलेली नव्हे. तीस सेकंदांच्या तुकड्यात कुणीही काहीही दाखवू शकतो. आणि घड्याळ लावा. ‘टायसननं स्पिंक्सला दीड मिनिटात झोपवलं’ असं कुणी म्हणालं, तर २७ जून १९८८ ची लढत काढा आणि पहिली घंटा वाजली की स्टॉपवॉच सुरू करा. ९१ सेकंद भरतात.